आधी बल्ब, मग रेडिओ

माझ्या मामीने मामाला ओळखणं बंद केलं. भांडून नव्हे, भांडून केलं असतं तर मामा सुखी झाला असता. तिची आठवणच झिजत चालली होती. मामा समोर खुर्चीत बसलेला असायचा आणि ती त्याला अगदी अदबीने म्हणायची, "बसा हं पाहुणे, हे येतीलच एवढ्यात दुकानातून. चहा टाकते." उठायची, स्वयंपाकघराच्या दाराशी जायची आणि कशाला आले ते विसरून तिथेच उभी राहायची.

"बसतो की," मामा म्हणायचा. आणि बसायचा. दुसरं काय करणार?

मामा रेडिओ दुरुस्त करायचा. एका जिन्याखालच्या खोपटात, जिथे त्याला स्वतःला सरळ उभं राहता येत नसे, तिथे त्याने उभा जन्म काढला. लोक त्याला 'खरखर' म्हणायचे. त्याला राग यायचा नाही, कारण तो स्वतःही बोलण्याआधी घसा तसाच खाकरायचा. त्याचा एकच नियम होता. बरीच वर्षं बंद पडलेला सेट सरळ भिंतीतल्या प्लगला लावायचा नाही. मध्ये साधा बल्ब जोडायचा, म्हणजे सगळी वीज अंगावर न येता बल्बातून गाळून येते. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सेट वाचतो. "झोपलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी पाणी मारतं का?" तो गिऱ्हाइकांना विचारायचा. "आधी बल्ब, मग रेडिओ."

मामीचाही एकच नियम होता. दुकानातला शर्ट घरात फिरवायचा नाही. सोल्डरचा धूर, जळलेलं वॉर्निश, डांबर, असा सगळा वास त्याला यायचा. मामा आला की आधी मोरीत जायचा, शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवायचा, हात धुवायचा आणि मगच माणसांत यायचा. या नियमावरून मी त्याला लहानपणी फार चिडवलं आहे.

दुकान बंद झालं, मामी अशी झाली आणि एक दिवस मामाने माळ्यावरून जुना, दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ खाली काढला. लग्नानंतर त्याने मामीसाठी स्वतः जोडलेला. संध्याकाळी मामी तो लावायची आणि गाणी चालू असतानाच मामा घरी यायचा. टीव्ही आल्यावर रेडिओ माळ्यावर गेला होता.

"हा वाजला की ती मला ओळखेल," मामा म्हणाला.

"मामा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"डॉक्टरांनी कुठे हा रेडिओ ऐकलाय?"

मी घरीच शिवणकाम करते, त्यामुळे दुपारी मामीजवळ बसायला मीच असायचे. माझं डोकं फिरलं होतं. अरे, बायको जेवत नाही, वाळून चाललीय, आणि हा माणूस उंदराने कुरतडलेल्या स्पीकरला कागद चिकटवत बसलाय! पण त्याचे हात चालू लागले होते, आणि ते मला बघवत होतं. स्टेशनचा काटा फिरवायची दोरी तुटली होती, तर मी माझा बटणं लावायचा जाड दोरा दिला. छोटे कंडेन्सर एका टीव्हीवाल्याकडे मिळाले. अडलं ते एका व्हॉल्व्हपाशी. भिंतीतून येणारी वीज रेडिओच्या कामाची करून देणारा तो व्हॉल्व्ह गेला होता, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळं म्हणजे नुसता लाकडी डबा.

आम्ही बाजार पालथा घातला. एका दुकानदाराने विचारलं, "व्हॉल्व्ह? सायकलचा?" मामा हसला नाही. जुन्या ओळखीची दुकानं शोधत गेलो, तर कुठे मोबाइलची कव्हरं, कुठे नुसतं कुलूप. घरी परतताना मामा म्हणाला, "आपण उशीर केला गं." तो रेडिओबद्दल बोलत नव्हता.

शेवटी त्याला भोंगेवाला आठवला. हा एके काळी लग्नांना, सभांना लाउडस्पीकर लावायचा. त्याचा जुना अँप्लिफायर घरातच होता. त्यावर पिण्याच्या पाण्याचं पिंप ठेवलं होतं. पिंप उतरवलं, झाकण उघडलं, आणि आत हवा तो व्हॉल्व्ह! भोंगेवाल्याने तो स्वतःच्या लोकरी मोज्यात गुंडाळून दिला आणि म्हणाला, "वहिनींना माझा नमस्कार सांग. ओळखलं तर."

व्हॉल्व्ह बसला. मामाने बल्ब जोडला. बल्ब मिणमिणला, रेडिओ गप्पच. "वीज साठवणारा मोठा कंडेन्सर अजून झोपलाय," तो म्हणाला. "सावकाश जागा होईल. मग बल्ब काढायचा." रोज तो रेडिओ तसा मिणमिणत ठेवायचा. आणि रोज मामी थोडी थोडी कमी होत होती. दूधही गळ्याखाली उतरेना.

एका दुपारी तिने अचानक मान वळवली. डोळे स्वच्छ होते, कित्येक दिवसांत नव्हते इतके.

"अगंबाई, आमचा रेडिओ!" ती मामाला म्हणाली. "लावा ना हो पाहुणे. यांची यायची वेळ झाली."

मामाने तिच्याकडे बघितलं, मग बल्बकडे. त्याच्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं.

"मामा, बल्ब!" मी ओरडले.

त्याने वायर बल्बमधून उपसली आणि सरळ भिंतीत खुपसली.

रेडिओची काट्यामागची काच उजळली, पिवळी, पूर्ण. मामी हसली. स्पीकरमधून घुमल्यासारखा आवाज आला, वाढला, आणि भोंगेवाल्याच्या व्हॉल्व्हमध्ये निळी ठिणगी उडाली. आतला पत्रा लालबुंद झाला. मागून काळा धूर निघाला. मामा जागचा हलला नाही. प्लग मी ओढला.

"साऱ्या जगाला शिकवलंस ना?" मी रडत त्याला बोलले. "आणि स्वतः काय केलंस?"

खोलीभर जळलेल्या वॉर्निशचा आणि डांबराचा वास कोंडला. मामी खोकली. मग तिने नाक वर करून वास घेतला आणि मामाकडे थेट बघितलं.

"आलात?" ती म्हणाली. "अहो, किती हा उशीर! आणि तसेच आत आलात? शर्ट बदला आधी. हात धुवा."

मामाचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्याने घसा खाकरला. "हो, हो. आलोच," म्हणाला आणि अक्षरशः पळत मोरीत गेला.

मामी खोकतच होती. मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला. आतून पाण्याचा आवाज येत होता. मामा बाहेर आला तो धुतलेला शर्ट घालून, केस ओले करून चापून बसवलेले. तो तिच्या पलंगाशी वाकला.

"बसा हं पाहुणे," मामी म्हणाली. "हे आत्ताच आलेत. शर्ट बदलतायत."

मी मोरीकडे धावले. तो शर्ट मला हवा होता, तसाच, धुराचा. पण मामाने तो सवयीने साबणाच्या पाण्यात पार बुडवून ठेवला होता.