सगळ्या प्लॅस्टिकला एकच गोंद

वास्तुरचनाकाराच्या कचेरीत इमारतींची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या कारागिराला सगळे चिकटतात्या म्हणत. तात्यांच्या टेबलावर पाच बाटल्या असत आणि प्रत्येकीचा स्वभाव त्यांना पाठ होता. नवं प्लॅस्टिक आलं की आधी दोन तुकडे जोडायचे, दुसऱ्या दिवशी ओढून बघायचे, मगच कामाला हात. "माझ्याशी लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हतीत," असं बायको म्हणायची.

एका रुग्णालयाचं मॉडेल करायचं होतं, तेवढ्यात नवे व्यवस्थापक आले. त्यांना सगळीकडे शिस्त हवी होती.

"पाच-पाच गोंद कशाला? प्लॅस्टिक म्हणजे प्लॅस्टिक."

"साहेब, खिडक्यांच्या अ‍ॅक्रिलिकला पातळ द्रावण लागतं, ते कडा विरघळवून एकजीव करतं. मागची टेकडी थर्माकोलची. तिला तेच लावलं तर ती जागेवर विरेल, म्हणून तिला पांढरा गोंद. आणि ही झाडं बादलीच्या प्लॅस्टिकची. त्यांना कुठल्याच गोंदाचं सोयरसुतक नाही, तार घालून रोवावी लागतात."

"तुम्ही फार गुंता करता, तात्या. हा झटपट गोंद बघा. बाटलीवरच लिहिलंय, सर्व काही जोडतो."

"लिहिणाऱ्यानं जोडून बघितलं होतं का?"

उत्तर म्हणून लेखी आदेश आला. टेबलावरच्या बाटल्या कपाटात गेल्या आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. तात्यांनी मान खाली घालून आदेश पाळला.

दोन दिवसांत खिडक्यांवर पांढरी वाफ धरली. टेकडीला वाटीएवढा खड्डा पडला. कुणी दार आपटलं की दोन-तीन झाडं आडवी व्हायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाच्या अध्यक्षबाई मॉडेल बघायला आल्या. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ मात्र जागेवर होती.

"काचा अशा धुरकट का?" बाईंनी विचारलं.

"रुग्णांचा खाजगीपणा, मॅडम."

"आणि हा खड्डा?"

"तळं. मन शांत राहतं."

बाईंनी एका झाडाला बोट लावलं. ते आडवं झालं. "आणि हे?"

साहेबांनी तात्यांकडे पाहिलं. पडायची वेळ आली की गोंदवाल्याची आठवण होतेच.

"बाई, गोंद चुकलाय," तात्या म्हणाले. "काचांचाही आणि टेकडीचाही. आठ दिवस द्या, नीट करून देतो."

बाई हसल्या. "आठ दिवस घ्या. काचा स्वच्छ करा, झाडं उभी करा. तळं मात्र राहू द्या. छान कल्पना आहे."

कपाट उघडलं. तात्यांनी सगळं नव्याने केलं, तळ्यासकट. ते करताना त्यांना हसू आवरेना आणि रागही. मॉडेल मंजूर झालं. तळ्याच्या कल्पनेबद्दल साहेबांना बढती मिळाली आणि मॉडेलच्या काचपेटीवर लावायला त्यांच्या नावाची पितळी पट्टी बनून आली.

"तात्या, ही तेवढी चिकटवा. कुठला गोंद, ते तुम्हीच बघा."

पट्टी आठवड्यात गळून पडेल अशी सोय करणं तात्यांना सहज जमलं असतं. पण त्यांनी पितळ घासलं, दोन नळ्यांतला गोंद समसमान कालवला आणि फूटपट्टी धरून ती सरळ बसवली. वाकडं काम त्यांच्या हातून व्हायचंच नाही, त्याला ते तरी काय करणार!