ब्लॉकांना पाजलेलं पाणी

नूरुद्दीन गवंड्याचा एक हट्ट सौदीतल्या जुबैलच्या त्या अख्ख्या बांधकाम-यार्डाला ठाऊक होता. बांधकामाला पाणी मारल्याशिवाय हा बाबा घोटभर चहा घ्यायचा नाही. मूळचा श्रीवर्धनचा. सिमेंट म्हणजे तान्हं पोर, वेळेवर पाजलं नाही तर मरतं, असं बापाने लहानपणीच कानात भरवलेलं. अरबस्तानात केस पिकले, पण पहाटे फजरची नमाज झाली की हातात पाइप, हे काही सुटलं नाही.

आता कंपनी म्हाताऱ्यांना एकेक करून कायमचं घरी धाडत होती. नूरुद्दीनचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, लटकला होता एकाच गोष्टीवर. नाशिकच्या सुमीत इंजिनियरने खजुराच्या झावळ्यांचा काथ्या चुन्यात कालवून नवे ब्लॉक काढले होते. ते दाब देऊन तपासणाऱ्या प्रेसखाली टिकले तर यार्डात कारखाना निघणार आणि नूरुद्दीन तिथला मुकादम होणार. नाही टिकले तर बॅग भरायची. गावी घर होतं, बायको खतीजा होती. पण सुट्टीवर गेला की खतीजा त्याला पाहुण्यांच्या कपात चहा द्यायची. बिचारीच्या मनात काही वाकडं नव्हतं हो! तरी तो कप हातात आला की आपण आपल्याच घरात पाहुणे, हे याला कळायचं.

सुमीतने त्याला नीट समजावलं होतं. काथ्या कतीफच्या बागांतून आणून धुतला, तरी त्यात थोडा गोडवा उरतोच. ब्लॉक भिजला की तो गोडवा सुटतो आणि मग चुना धरत नाही. कोरडा राहिला तर हा ब्लॉक सिमेंटसारखा काडकन फुटणार नाही, वजन आलं की जरासा दबेल आणि तग धरेल. तेवढंच त्याचं बळ. म्हणून सावलीत ठेवायचे, पाणी अजिबात नाही. नूरुद्दीनने मान डोलावली. सगळं समजलं होतं त्याला, उगाच बावळट समजू नका.

पण बाहेर ऊन आग ओकत होतं आणि ते ब्लॉक बघून याचा जीव तुटायचा. पहिल्यांदा नुसता ओला हात फिरवला. मग तांब्याभर शिंपडलं. होता होता रोज पाइपच लागला. केलं ते मायेनेच, बरं का. ब्लॉक जगले पाहिजेत म्हणून.

चाचणीला कफील, म्हणजे कंपनीचा अरब मालक, स्वतः आला. थप्पीच्या दर्शनी बाजूचे ब्लॉक उचलले. पहिला प्रेसखाली गेला, दबला. आता थांबेल, असं सुमीत हसत म्हणाला. तो थांबला नाही. ओल्या नारळाच्या वडीसारखा बसत गेला, कडा गळून पडल्या. दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याचीही तीच. कफील चिडला-बिडला नाही. "खलास," एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

सुमीतने भुग्यात बोट खुपसलं. आत ओल होती.

"चाचा, पाणी दिलंत?"

"दिलं, साहेब."

"मी नको म्हटलं होतं ना."

"म्हटलं होतं. मला बघवेना."

सुमीत ओरडला असता तर बरं झालं असतं. तो तिथेच खाली बसला. पुन्हा करून दाखवतो म्हणून त्याने कफीलला फोन केला, तर जागा दुसऱ्या कामाला दिल्याचं उत्तर आलं.

ते ब्लॉक फेकायचं काम नूरुद्दीनच्याच गळ्यात पडलं. बाहेरच्या रांगा हातातच चुरत होत्या. थप्पीच्या पोटातली रांग हाताला लागली, जिथे पाइपचं पाणी पोचलंच नव्हतं, तिथला एक ब्लॉक हातातून निसटून फरशीवर आपटला. त्याचा टवकासुद्धा उडाला नाही. नूरुद्दीनने सुमीतला हाक मारली.

बघायला आता कोणी नव्हतं, तरी सुमीतने तो प्रेसखाली ठेवला. ब्लॉक जरासा दबला आणि थांबला. प्रेसचा काटा चढतच राहिला.

"चांगले झाले होते, चाचा," सुमीत म्हणाला.

बाहेर टाकाऊ माल न्यायला आलेला गाडीवाला हॉर्न वाजवत होता. नूरुद्दीनने ब्लॉक काढून घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि फेकायच्या मालात नेऊन ठेवला.