खाटेपाशी बोलत बसलेले सर

दिघे सर शिरूरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला आले, तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिले. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "म्हंजी शिकवता काय?"

"जाग म्हणजे काय, आणि जागं असतं ते कोण, हे."

"आन् पोरं?"

"निम्मी झोपतात, आक्का."

स्वतःवर हसणारे मास्तर मी तोवर पाहिले नव्हते. ओळख झाली ती तिथंच.

सरांच्या विद्वत्तेवर या साठीच्या अंकात बाकीचे लिहितीलच. मला त्यातलं कळत नाही. पाहिलं तेवढं लिहिते.

दुष्काळाच्या साली विहीर खोल करताना आमचे मालक आत पडले. डोक्याला मार बसला, शुद्ध गेली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. चमच्यानं पेज घशाखाली उतरायची, पण डोळा काही उघडेना. भावकी जमली. आमच्याकडं जीव खाटेवर जाऊ देत नाहीत, माणूस भुईवर घेतात. माझे दीर आप्पा म्हणाले, "वैनी, त्यात आता काय न्हाई. खाली घेऊ." घोंगडं अंथरलंसुद्धा.

सर आत आले. "आप्पा, आत कुणी नाही, हे कुणी सांगितलं?"

"डोळं बघा की!"

"आपले जुने लोक म्हणतात, देह निजला तरी आतला साक्षी जागा असतो. विलायतेतले बरेच म्हणतात, मेंदू थांबला की सगळं थांबलं. हे भांडण अजून मिटलेलं नाही. आणि तेवढ्यावर जिवंत माणूस खाली घ्यायचा?"

"ते मिटंस्तवर आमी बसायचं व्हय?"

"तुम्ही जा. मी बसतो."

आणि बसले. रोज कॉलेज सुटलं की खाटेपाशी. विहिरीला किती पाणी लागलं, बैल चारा खातो का, सगळं मालकांना सांगायचे. बातम्या संपल्या की ब्रह्म काय, जग खरं की भास, ते सुरू. मी म्हणायचे, "सर, निजलेल्यालाबी निजवताय."

एका दुपारी मालकांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. सर धावत आले. "आबा, माझं काही ऐकू येत होतं का?"

"न्हाई बा. कायबी याद न्हाई."

मी मागून खुणावलं, व्हय म्हणा की! सरांनी ते पाहिलं. "नको आक्का. नाही तर नाही." वर्गातही त्यांनी तसंच सांगितलं म्हणे, की मला हवा होता तो पुरावा मिळाला नाही. आणि घरी येताना माझ्या नातवंडांना पेढे आणले.

आता सरांची साठी. अंग धड राहो, घसा खणखणीत राहो, पुष्कळ वर्षं राहो. मालकांना तेव्हा ऐकू गेलं नसेल. मला ऐकू येत होतं. भाकरी थापताना आतून तो आवाज यायचा, आणि घरात आमचं माणूस अजून आहे, असं वाटायचं.