आक्काच्या शेजारच्या दोन भाषा

"मामा, आई गेली..." भाच्याचा, अमोलचा फोन आला तेव्हा मी डेअरीवर दूध घालून उत्रोलीला घरी परतत होतो. आक्का माझी थोरली बहीण. अडीच वर्षांपूर्वी ती मुलाकडे अमेरिकेत, ह्यूस्टनला गेली आणि यंदा भातलावणीला परत यायचं म्हणत होती. मीच थांबवलं. घराचं काम चाललंय, तुला झोपवू कुठं, दिवाळीनंतर ये, म्हणालो. तिला जाऊन आता सात आठवडे झाले. दिवाळी अजून यायचीच आहे.

तिकडे तिची खरी अडचण बोलायची. भिंतीशीही तासभर गप्पा मारील अशी बाई, आणि मुलगा-सून दिवसभर कामावर. एका बाजूला गुजराती म्हातारी, तिला सगळे बा म्हणजे आई म्हणत, दुसऱ्या बाजूला व्हिएतनामची एक आजी. मग फोनवर मला भूगोल शिकवणं सुरू झालं. "संपत, गुजराती कुठं कुठं बोलत्यात ठावं हाय का? बांचा भाऊ केनियात, लेक लंडनला, समदीकडं गुजरातीच. आन् आपल्या भोरच्या पेठेत बी हायतीच की." व्हिएतनामीचं तसं नव्हतं. ती त्यांच्या देशात, आणि लढाईनंतर माणसं जिथं जिथं पोचली तिथं. ऑस्ट्रेलियात, फ्रान्सात, अमेरिकेत. "आपल्याकडं कुनीच न्हाई बोलत," आक्का म्हणाली. "बांची मानसं धंद्याला निघाली, ही जीव मुठीत घिऊन निघाली. हिला परत जायाला घर बी न्हाई रं."

मला वाटलं, हिचं बांशीच जमेल. निम्मं मराठी, निम्मं गुजराती, काम भागतही होतं. पण बांनी जन्मात चिखलात पाय घातलेला नव्हता. एकदा आक्का गवतावर वाकून नातीला भातलावणी कशी करतात ते दाखवत होती, तर व्हिएतनामची आजी आली, तीही वाकली आणि आक्काच्या जोडीनं रोपं लावल्यासारखी मागं मागं सरकू लागली. "ही भाताचीच हाय रं," आक्कानं त्या दिवशी फोनवर सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी दोघी पायरीवर. एक मराठीत बोलायची, दुसरी व्हिएतनामीत. तुला कळतं काय त्यातलं, असं मी चेष्टेनं विचारलं. "मला हितं काय वाटतं, ते तुला तरी कुठं कळतंय?" म्हणाली. मी विषय बदलला.

घर आता झालंय. खिडकीतून खाचरं दिसतात, लावण उरकलेली, हिरवीगार. एक हंगाम तिला दाखवायला माझं काय जात होतं? पडवीत पथारी टाकली असती तरी ती सुखानं झोपली असती. फार आठवण येते तिची.

गेल्या रविवारी अमोलनं व्हिडिओ कॉल केला. म्हणाला, मामा, त्या आजी अजून रोज पायरीवर येऊन बसतात. त्यानं फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मला निरखून बघितलं. आक्का फोनवर सगळ्यांत आधी जे विचारायची, तेच मग त्यांनी विचारलं, अगदी तिच्याच हेलात. "च्या झाला का?"

"व्हय, झाला," मी म्हणालो. त्यापुढचं मराठी त्यांना येत नव्हतं, म्हणून मी फोन खिडकीकडं वळवला आणि खाचरं दाखवली.