दोरीच्या पलीकडचा माणूस

आटपाडीच्या जाफर सुताराचा रंधा दोन माणसांचा. मागून जाफर रेटणार आणि रंध्याला बांधलेली दोरी पुढून सिद्धू ओढणार. बाभळीची खडबडीत फळी अशीच सपाट व्हायची. मेंढरं विकल्यापासून सिद्धूनं दुसरा धंदा केला नाही, आणि जाफरनं दुसऱ्या कुणाला त्या दोरीला हात लावू दिला नाही. दोघांचं काम कमी आणि भांडण जास्त, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय जातंय म्हणा!

मग सिद्धूच्या खांद्यानं दगा दिला. त्याची लेक पल्लवी पाचगणीला असते. ती त्याला कायमचं तिकडं नेणार होती. बायको, जरिना, गेल्यापासून जाफरच्या घरात बोलायला कुणी नव्हतं. दिवसाकाठी जे काय बोलणं व्हायचं, ते सिद्धूशी, काम करता करता. आता तेही जाणार, या विचारानं त्याला जेवण गोड लागेना. त्यात सिद्धूच हट्टाला पेटला. "तुला मशीन घिऊन देतो, मगच जातो." म्हणून दोघं सांगलीला आले.

दुकानदारानं दोन मशिनी दाखवल्या. "चाचा, ही सरफेस. फळीचा पीळ काढून बाजू सरळ करते. एकटा माणूस चालवतो. ही दुसरी थिकनेस. जाडी सारखी करते, पण पीळ तसाच राहतो. आणि लांब फळी पलीकडून धरायला माणूस लागतो."

बाभळीला पीळ असतोच. आधी सरफेसच हवी, हे जाफरनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. तरी त्यानं थिकनेसवर हात ठेवला.

"हीच द्या."

सिद्धू भडकला. "येडा का खुळा रं तू? पिळाची चौकट लोकांच्या दाराला बशिवनार व्हय?"

"पलीकडं मानूस लागतो म्हनला की त्यो," जाफर हळूच म्हणाला. "लागला म्हंजे तू कवातरी येशील."

सिद्धूचे डोळे भरून आले. दुकानदार उगाच फडकं घेऊन दुसरीकडं गेला.

"मी न्हाई येनार, गड्या," सिद्धू म्हणाला. "खांदा बरा झाला तरी न्हाई. लेक सोडायची न्हाई मला."

जाफर भांडायच्या बेतानं त्याच्याकडं वळला. पण सिद्धू खरं बोलत होता, आणि खऱ्याशी भांडायची दोघांनाही सवय नव्हती. त्यानं थिकनेसवरचा हात काढला आणि दुकानदाराला हाक मारली.

"एकट्याची द्या."