साळूबाईनं दाखवलेली जागा

साळूबाई पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आले, डोकं मागून. असल्या माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं असं आमच्याकडं मानतात, आन् वीज पडायची तर त्याच्यावरच पडती असंबी मानतात. विजेचं खोटं निघालं. पाण्याचं काय झालं ते सांगायचंय.

माहेर वडीगोद्रीकडचं. दोन्ही बहिणी कालव्याखालच्या गावांत दिल्या आन् एक्क्याऐंशी साली साळूबाई आली केदारखेड्याच्या बाजूला, जिथं कालव्याचं नावबी कोणी काढत न्हाई. दिवाळीला बहिणी माहेरी आल्या की उसाच्या गोष्टी सांगायच्या आन् ही चुलीपुढं बसून ऐकायची. भांडीकुंडी सासरचीच होती, पण हेवा मात्र तिनं माहेराहून सोबत आणलेला.

नवरा पुंजाराम, कामाला वाघ, बोलायला मुका. घरची विहीर होती साठ फुटी, पण पाणी उन्हाळ्यात तळाला जायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी साळूबाई विहिरीत उतरली, अनवाणी तळात फिरली आन् म्हणाली, "पश्चिमेच्या अंगाला आडवं खोदा." खोदलं, तर मनगटाएवढा झरा फुटला. त्या पाण्यावर दीडशे मोसंबी लागल्या. गावात तिच्या पायांचं नाव झालं. सासूनंही तवा पहिल्यांदा तिच्या हातचा चहा पिऊन नावं ठेवली न्हाईत.

मंग धाकट्या दिराचं लग्न झालं आन् उषाबाई घरात आली.

उषाबाई सातवी शिकलेली. बायांची पत्रं वाचून द्यायची, आन् वाचता वाचता पत्रातलं रडगाणं असं सांगायची की पत्रवालीच हसायला लागायची. सत्त्याऐंशीला भावाभावांत वाटणी झाली. विहीर आन् बाग थोरल्याला, धाकट्या रामकिसनाला दोन एकर जास्त, पण बांधापलीकडचा कोरडा माळ. साळूबाईला वाटलं, आता बराबर झालं. झालं कुठं? सासू धाकट्याकडं राहायला गेली. बाया उषाबाईच्या ओट्यावर बसायला लागल्या. तिच्याकडं ज्वारीशिवाय काही पिकत नव्हतं, तरी ओटा भरलेला.

"पाणी माझं, बाग माझी, आन् दुपारी माणसं तिच्याकडं," साळूबाई एकदा बोलून गेली.

"मंग तूबी ओट्यावर बस," पुंजाराम म्हणाला.

"बसून राह्यले की रोज. कोणी येतंय का?"

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात भोकरदनकडून बोअरची गाडी आली. गाडीवरची माणसं लुंगीवाली, दूरच्या मुलखातली. रामकिसन सकाळीच भावाच्या दारात.

"वहिनी, रानात येता का? जागा पाहून द्या."

"मी काय मशीन हाये का?"

"मशीनची ओटी कोण भरतंय? तुमची भरू."

पायाळूनं पाणी दाखवायचे पैसे घ्यायचे नसतात, फक्त खण-नारळाची ओटी. तशी रीत. पुंजाराम म्हणाला, "जाय. भावाचं काम हाय." ती गेली.

तळहातावर नारळ, पायात काही न्हाई. ती पुढं, मागं रामकिसन, उषाबाई, सासू, आन् आयुष्यभर विहिरी खोदलेला भिवा. माळाच्या मधोमध एक हिवराचं झाड होतं. त्याच्याखाली आली आन् तळपाय गार पडले, ओल्या फरशीवर पाय द्यावा तसे. नारळ थरथरला. इथंच म्हणायला तिनं मागं वळून पाह्यलं.

उषाबाई हात जोडून उभी होती. सासूनं एका हातानं तिचं कोपर धरलेलं, म्हाताऱ्या माणसाला पोरीचा आधार लागतो तसं. साळूबाईला लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिचं कोपर कोणी तसं धरलं नव्हतं.

ती पुढं चालायला लागली. चालत चालत थेट बांधापर्यंत, जिथं मुरमाचा उंचवटा होता आन् त्याच्याखाली काळा पाषाण.

"इथं."

"बाई, इथं तर कुसळबी उगवत न्हाई," भिवा म्हणाला.

"पाय तुहे हायेत का माहे?"

भिवा बाजूला झाला. गाडी लावली. शंभर फुटाला पांढरा फुफाटा, दीडशेला तोच. सगळं रान पिठाच्या गिरणीसारखं झालं. लुंगीवाला म्हणाला, "सूखा है." रामकिसन म्हणाला, "और थोडा." साळूबाई पदर नाकाला लावून बसली होती. पदराआड तिचं तोंड हसत होतं, ते कोणाला दिसलं न्हाई. एकशे ऐंशीला रामकिसन खाली बसला. एकशे नव्वदला फुफाटा ओला झाला, मंग चिखल, मंग पाण्याचा फवारा गाडीच्या वर गेला.

उषाबाई भिजलेली पळत आली. त्याच गढूळ पाण्यानं तिनं थोरल्या जावेचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. "बाई, तुमच्यामुळं," म्हणाली आन् रडली. साळूबाईचं तोंड पदरातच राह्यलं. सगळ्यांना वाटलं, तीबी रडून राह्यली.

खोटं बोलून पाणी दाखवलेली बाई मराठवाड्यात दुसरी नसंल. आन् त्या खोट्यानंच तिचं नाव मोठं झालं. पाषाणातून पाणी काढलं म्हणून जाफराबादेपासून जीपा यायला लागल्या. ती जायची, नारळ धरायची, जागा दाखवायची. पाणी लागलं तर पायांचं, न्हाई लागलं तर मशीनचा दोष. सात-आठ वर्षांत आपल्याच शिवारात तिनं दाखवलेल्या जागी अठ्ठावीस बोअर झाले. आधी दोनशे फूट, मंग अडीचशे, मंग साडेतीनशे. शेजाऱ्याचा खोल गेला की आपला खोल करायचा. कोणी कोणाला विचारीत नव्हतं, का एवढं खाली जावं लागतंय.

रामकिसनाच्या बोअरपासून साळूबाईची विहीर चाळीस पावलांवर, बांध ओलांडला की. पहिल्या उन्हाळ्यात विहिरीच्या दोन पायऱ्या जास्तीच्या उघड्या पडल्या. चौथ्या वर्षी मनगटाचा झरा करंगळीएवढा झाला. पुंजारामानं भिवाला खाली उतरवलं. भिवा वर येऊन बिडी पेटवत म्हणाला, "झरा आटला न्हाई. पळाला. धाकट्याच्या बोअरमधी."

पुंजारामानं बायकोकडं पाह्यलं. "जागा कोणी दाखवल्ती?"

साळूबाई विहिरीत वाकून पाहायला लागली.

"विचारायचं कशाला म्हणा. साऱ्या मुलखाला म्हाईत हाय. देवीचे पाय."

खोटी जागा दाखवली म्हणावं, तर पाणी लागलेलं. खरी दाखवली म्हणावं, तर आपलाच झरा आपल्या पायानं जावेला नेऊन दिलेला. दोन्हीकडून तीच येडी.

तिनं आपल्या रानात दोन बोअर घेऊन पाह्यले. एक तीनशे, एक सव्वाचारशे. दोन्हीतून फुफाटा. स्वतःच्या रानात तिचे पाय बिलकुल मुके.

तिकडं उषाबाईनं दोनशे मोसंबी लावल्या. अठ्ठ्याण्णवला बहार धरला, बांधाला ट्रक लागला. पहिल्या तोडणीची टोपली तिनं थोरल्या जावेकडं धाडली. साळूबाईनं म्हशीपुढं ओतली. म्हशीनं सालांसकट खाल्ल्या.

"कशा निघाल्या, बाई?" उषाबाईनं बांधावरून विचारलं.

"आंबट."

एक तिनं आधी सोलून खाल्ली होती. गोड होती. म्हणून तर बाकीच्या म्हशीला गेल्या.

दोन हजार तीनचा उन्हाळा आला तवा मागचा पावसाळा कोरडाच गेल्ता. गावात प्यायला टँकर. विहिरीच्या बुडात सकाळी चार घागरी पाणी साचायचं, बस. साळूबाईच्या झाडांची पानं सुरळीसारखी वळली, फांद्या शेंड्याकडून वाळायला लागल्या. वीस वर्षांची झाडं. अजून पंधरा दिवस पाणी न्हाई मिळालं तर सरपण.

एका दुपारी उषाबाई बांधावर आली. "बाई, आमच्या बोअरचं घ्या. तिसऱ्या दिवशी, लाईट असंल तितका वेळ. पाइप मी टाकून देते."

"तुहं पाणी पिऊन जगण्यापेक्षा मरू दे माही झाडं."

पुंजाराम गोठ्यात होता. त्यानं ऐकलं. त्या दिवशी तो जेवला न्हाई. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "झाडं एकटीची न्हाईत. उद्या तू हो म्हणून ये, न्हाई तर मी जाऊन उषाचे पाय धरतो."

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीचे पाय धरायचे! आमच्याकडं थोरला दीर समोर आला तर ती डोक्यावर पदर ओढून बाजूला होती. साळूबाईनं तो माणूस ओळखला होता, तो धरणारच. सकाळी ती निघाली.

बोअरची मोटार चालू होती. साळूबाईला वाटलं होतं, पाइप भरून पाणी पडत असंल. पडत होतं दोन बोटं. मधीच खोकल्यासारखी हवा यायची, मंग लाल चिखल, मंग परत दोन बोटं. उषाबाई आळ्यात पाणी वळवत होती. तिचीबी पानं वळली होती.

म्हणजे हिचंबी संपत आलंय. आन् ह्यातलं ती देऊन राह्यली होती.

दुसरी एखादी असती तर तिथं विरघळली असती. साळूबाई उलटी भडकली. आपली विहीर काठोकाठ होती, हिचा माळ कोरडा होता, तवा आपल्याला एक घागर द्यावी वाटली नव्हती. आन् हिला दोन बोटांतूनबी द्यायचं सुचतं. ट्रक, मोसंबी, ओटा, सासू, सगळ्याचा हेवा तिनं पचवला होता. हा चांगुलपणा पचेना. त्याला कुठंतरी चीर पडावी, हिनंबी एकदा तोंड वाकडं करावं, म्हणून ती बोलली.

"उषे, ही जागा मी खोटी दाखवल्ती."

उषाबाईनं मोटार बंद केली.

"काय?"

"पाणी हिवराखाली लागलं होतं मला. तुला मिळू नये म्हणून इकडं पाषाणावर आणलं."

उषाबाई खाली बसली. हातातल्या खोऱ्याचा चिखल काढत राह्यली. "अकरा वर्षं दर उन्हाळ्यात तुमची ओटी भरली मी."

"खण देते परत."

"द्या. एक तर पैठणचा होता, माझ्या आईचा." तोंड वाकडं झालं होतं. साळूबाईला जरा बरं वाटलं. "भाऊजींना म्हाईतंय?"

"न्हाई."

"नका सांगू. अठ्ठावीस जणांनी तुमच्या पायावर भरवसा ठेवून भोकं पाडलीत. दगडं मारतील." मंग ती हिवराकडं पाहत म्हणाली, "म्हणजे खरी जागा अजून शिल्लक हाये."

साळूबाईनं हे हिशोबात धरलंच नव्हतं.

"तिथं घेऊ मंग," उषाबाई उठली.

"घेऊ नको."

"अजूनबी मला पाणी लागू द्यायचं न्हाई तुम्हाला."

"न्हाईच द्यायचं. पण आता सांगते ते ऐक. तिथं चारशे फुटाला लागंल. मंग तुहं हे मरंल. खाली शेजारच्या कडूबाच्या विहिरीत दोन हात राह्यलंय, ते जाईल. दोन वर्षांत तिथंबी चिखल येईल. अठ्ठावीस दाखवले मी. एकानंबी नवं पाणी काढलं न्हाई, शेजाऱ्याचंच ओढलं. तू माहं ओढलं."

"मला काय ठाऊक?"

"तुला कोण म्हणतंय? दाखवलं मी."

बोअरमधून बुडबुडल्यासारखा आवाज आला आन् थांबला.

"ह्या पाण्यावर किती झाडं निघतील?" उषाबाईनं विचारलं.

"शंभर. तुही-माही मिळून."

"बाकीची?"

"तोडायची. उभी ठेवली की मन ऐकत न्हाई. पाणी त्यांना जातंच, आन् सगळीच मरतात."

"माझी दोनशे हायेत, तुमची दीडशे."

"पन्नास-पन्नास ठेवायची."

"म्हणजे मी दीडशे तोडायची आन् तुम्ही शंभर. बोअर माझा."

"मी तुह्या जागी असते तर शंभरच्या शंभर माहीच ठेवली असती," साळूबाई म्हणाली. "बांधाकडं तुम्हाला फिरकूबी दिलं नसतं."

उषाबाई हसली न्हाई. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही रानांत कुऱ्हाडी चालायला लागल्या. पुंजाराम आपल्या हातानं लावलेली तोडताना प्रत्येक खोडाला आधी हात लावायचा. रामकिसनानं गडी लावले, स्वतः तिकडं फिरकला न्हाई. चार दिवस चाललं. कापल्या खोडाचा आंबट-गोड वास सगळ्या शिवारात. हिवराचं झाड मधी तसंच उभं, त्याच्याखाली कोणी गाडी आणली न्हाई.

साळूबाई रोज दिवस मावळायच्या आधी बांध ओलांडायची. जावेच्या रानात ओळीओळीनं फिरायची, उभी झाडं मोजायची. गडी हसायचे, "मालकीण, आमच्यावर भरवसा न्हाई व्हय?"

"तुमच्यावर हाय. तुमच्या मालकिणीवर न्हाई."

चौथ्या दिवशी जावेच्या रानातलं काम संपलं. तिनं मोजली. एकावन्न. परत मोजली, ह्या खेपेला खालच्या अंगानं. एकावन्न. कोपऱ्यात, कडब्याच्या गंजीच्या मागं, एक झाड बेमालूम उभं होतं.

उषाबाई पाइप गुंडाळीत होती.

"तुही एकावन्न हायेत."

"मोजली व्हय?"

"दोनदा."

उषाबाई पदरानं मान पुसत राह्यली. नजर वर केली न्हाई. कान मात्र लाल झाले होते.

साळूबाईला वाटलं होतं, हिला पकडलं की आपण भांडू, गाव गोळा करू. वीस वर्षं ती ह्याचीच वाट पाहत होती. पण तिला भांडायला जोर येईना. छातीवरचा कोणी पाटा काढून घ्यावा तसं हलकं वाटून राह्यलं होतं. म्हणजे हीबी चोरती. हिच्यातबी एक झाडाएवढी साळूबाई हाये.

"उद्या पाणी कोणाकडं?" तिनं विचारलं.

"उद्या तुमच्याकडं. परवा माझ्याकडं."

"बराबर सहाला मोटार चालू कर. पाच मिनिटंबी उशीर चालायचा न्हाई."

ती बांध ओलांडून आपल्या रानात आली. पुंजाराम शेवटच्या ओळीत एका झाडाच्या बुडाशी कुऱ्हाड घेऊन उभा होता. तेवढं एकच तोडायचं राह्यलं होतं.

"ऱ्हाऊ द्या ते," ती म्हणाली.

"पन्नासच ठरलंय ना?"

"तिची एकावन्न हायेत. मंग आपलीबी एकावन्न."

पुंजारामानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली. पाणी शंभर झाडांचं होतं, त्याच्यावर एकशे दोन झाडांनी उन्हाळा काढला.