दातांच्या डॉक्टरांनी पार केलेली नदी

साखर वाढली तेव्हा मला रोज चालायला सांगितलं होतं. भिवंडीत चालायचं नेमकं कुठे, हे काही सांगितलं नव्हतं. म्हणून मी सायकल घेतली. वय सत्तेचाळीस, नोकरी कॉलेजच्या ऑफिसात आणि सायकल शेवटची चालवली होती बारावीत. घेतली तीही साधी, काळी, मागे कॅरियर असलेली. नवऱ्याने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दूध घालायला सुरुवात करणार का?"

एकटीला लाज वाटायची, म्हणून महिनाभराने मी रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये शिरले. ग्रुपचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. माणूस पन्नाशीचा, क्लिनिकमध्ये अगदी मऊ बोलणारा. पण अंगात तो घट्ट चकाकणारा टी-शर्ट आणि मागे गादी शिवलेली चड्डी चढली की ते सेनापती व्हायचे. त्यांची सायकल इतकी हलकी होती की ती ते दोन बोटांनी उचलून दाखवत. दर रविवारी दाखवत.

डिसेंबरात त्यांनी एक नवा रस्ता जाहीर केला. नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत जायचं, तिथून आत वळायचं, माळावरून पुढे भातसेला मिळणाऱ्या एका छोट्या नदीच्या खोऱ्यात उतरायचं, नदी ओलांडायची आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. "असे माळ मी स्कॉटलंडला पाहिलेत," ते म्हणाले. स्कॉटलंडला ते टूर कंपनीच्या बसने गेले होते, हे त्यांच्या बायकोने मला आधीच सांगितलं होतं. माळ त्यांनी पाहिले होते, पण काचेतून.

त्या सकाळी धामणकर नाक्यावर आम्ही तिघंच जमलो. डॉक्टर, एक सीए आणि मी. बाकीच्यांना सर्दी झाली होती. पॉवरलूमची रात्रीची शिफ्ट सुटली होती आणि कामगार टपरीवर चहा घेत उभे होते. त्यातल्या एकाने डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीने विचारलं, "भाईसाब, शूटिंग है क्या?" डॉक्टरांनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

पडघ्यापर्यंत ट्रकांनी आम्हाला हॉर्न मारमारून पोचवलं. आत वळल्यावर माळ सुरू झाला. वाळलेलं पिवळं गवत, मध्येच एखादी बाभूळ, लांब माहुली गडाचे सुळके. खरंच सुंदर होतं, दहा मिनिटं. मग पांढऱ्या पत्र्याची गोदामं आली. एक संपलं की दुसरं. डॉक्टर त्यांच्याकडे बघतच नव्हते. मान माहुलीकडे वळवून ते म्हणाले, "काय व्हर्जिन लँडस्केप आहे!" तेवढ्यात समोरून कंटेनर आला आणि आम्ही तिघंही त्या लँडस्केपच्या गटारात उतरलो.

नदीवर पोचलो तेव्हा कळलं की पूल नाही. डॉक्टर या रस्त्याने कधी आलेच नव्हते. फोनवरच्या नकाशात नदीवर एक सरळ आडवी रेघ दिसली, तिला त्यांनी पूल मानलं होतं. ती रेघ म्हणजे बंधारा होता. दोन हात रुंद, वरून घोट्याएवढं पाणी वाहतंय आणि सगळीकडे शेवाळ.

"परत फिरूया," मी म्हटलं.

"अ‍ॅपवर रूट अर्धवट दिसेल," डॉक्टर म्हणाले.

त्यांच्या बुटांना तळाशी पायडलमध्ये अडकवायचा कडक प्लास्टिकचा खिळा होता. त्या बुटांनी डांबरी रस्त्यावरही बदकासारखं चालावं लागतं. ते सायकल खांद्यावर टाकून बंधाऱ्यावर चढले. पाच पावलं नीट गेली. सहाव्याला पाय सटकला आणि ते भरल्या पोत्यासारखे बसले. सायकल खालच्या डोहात गेली. हलकी होती, तरी बुडाली.

तेव्हा कुणीतरी मोठ्यांदा हसलं. पलीकडून एक बाई बंधाऱ्यावरून अनवाणी येत होती. डोक्यावर गवताचा भारा, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. जवळच्याच आदिवासी पाड्यावरची असावी, वयाने माझ्याएवढी. डॉक्टरांना ओलांडून ती आमच्या काठावर आली, भारा उतरवला आणि पोट धरून पुन्हा हसली. मग स्वतःच कंबरभर पाण्यात उतरली. एका हाताने सायकल वर काढली आणि तशीच धरून बघत राहिली.

"हिच्यात काय न्हायच? पोकळ हाय?"

"कार्बन आहे," डॉक्टर बसल्या बसल्या म्हणाले.

"असंल," ती म्हणाली. तिने भाऱ्याखालची चुंबळ पुन्हा डोक्यावर बसवली, तिच्यावर सायकल आडवी ठेवली आणि एकही हात न लावता बंधाऱ्यावरून पलीकडे निघून गेली. डॉक्टर मागून चार पायांवर गेले. सीएची सायकलही तिने तशीच नेली. माझ्या सायकलीला मात्र दोन्ही हात लावावे लागले. "ही खरी हाय," ती म्हणाली. मी तिच्या मागोमाग चपला हातात घेऊन, जीव मुठीत धरून गेले.

"कुठं चाललाव?" तिने विचारलं.

"भिवंडीला."

"आन आलाव कुठून?"

"भिवंडीहून."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करतेय का, असं तिला वाटलं असावं. "मंग निंगालाव कशाला, बाय?"

मी वाकून चपला घातल्या. डॉक्टर तोवर सावरले होते. सायकल पुसून, नदी मागे येईल असे ते उभे राहिले आणि फोन माझ्या हातात दिला. ती बाई त्यांच्या शेजारीच पदर पिळत होती. "मावशी, जरा बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाले. मावशी त्यांच्यापेक्षा चांगली चार-पाच वर्षांनी लहान असेल. ती बाजूला झाली. आणि मी फोटो काढला. काढायला नको होता, पण काढला. वर "हसा" असंही म्हटलं.

संध्याकाळी ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिलं होतं, "पूल नव्हता. जिद्द होती." अंगठ्यांचा पाऊस पडला. सीएनेही अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून झाल्यावर मी एकच ओळ लिहिली: "सायकली एका बाईने डोक्यावरून नेल्या. डॉक्टर रांगत आले." दुपारी सूचना आली की इथे फक्त सायकलिंगविषयीच पोस्ट टाकाव्यात. आणि त्याखाली, मला ग्रुपमधून काढल्याची. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

दोन रविवार सोडून मी एकटीच पुन्हा तिथे गेले. का गेले, ते नीट सांगता येणार नाही. तिचं काही देणं आहे असं वाटत होतं, आणि तिच्या प्रश्नावर गप्प राहिल्याचाही राग होता. ती अलीकडच्या माळावर गवत कापत होती. मला पाहताच विळा खांद्यावर अडकवून ती पुढे आली.

"तो पोकळ सायकलवाला आलता ना," ती म्हणाली. "लई मान्सं घेऊन. मला म्हनं, मावशी, सायकली न्हेशील का? मी म्हनलं, न्हाय. गवात कापाचं हाय."

"मग?"

"मंग काय! फोटू काढलं आन गेली सगली माघारी."

मी तिची माफी मागितली, त्या फोटोबद्दल. कुठला फोटो, ते तिला आधी आठवेना. आठवलं तेव्हा म्हणाली, "माझा काढून काय करणार व्हतास, माझा कुठं जायाचा हाय?" मी माफीची तयारी सगळ्या हायवेभर केली होती. ती एका वाक्यात निकालात निघाली.

तिचं लक्ष सायकलीकडे होतं. तिने सीट दाबून पाहिली, घंटी वाजवली. "मी बसू?"

जन्मात ती कधी सायकलीवर बसली नव्हती. पाड्यावर सायकली होत्या, पण त्या पुरुषांच्या, गोदामात ड्युटीला जायच्या. मी कॅरियर धरला. ती बसली आणि दोघी सरळ गवतात कोसळलो. आता हसायची पाळी माझी होती. ती भडकली. "हसतंस काय? धर नीट!"

धरलं. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा हँडल बाभळीत घातलं. काटे काढता काढता तिने सायकलीला, मला आणि बाभळीला एकाच दमात शिव्या घातल्या. नदीकडून दोन बायका भारे घेऊन आल्या. भारे तसेच डोक्यावर ठेवून त्या बघत उभ्या राहिल्या आणि सूचना देऊ लागल्या. त्यांनाही सायकल येत नव्हती, हे सूचनांवरून कळत होतं.

ऊन चढेपर्यंत ती पायवाटेच्या वळणापर्यंत एकटी जायला लागली होती. थांबायचं कसं, ते मात्र जमत नव्हतं. दर वेळी गवत बघून त्यात पडायची. नंतर त्या दोघींपैकी एकीने भारा उतरवला आणि लुगडं खोचत म्हणाली, "सरक, आता मी."

घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. दोन्ही हात खरचटलेले, केसांत गवत. नवरा जेवून झोपला होता.